वरचं पाणी, खालचं पाणी

बंद पडलेल्या कोळसा खाणीची तपासणी करायची आणि पर्यावरणाची कोणती जबाबदारी कंपनीवर उरली आहे ते लिहून द्यायचं, हे माझं काम. या खाणीची माती तपासली, ढिगारे तपासले, खाणीत सरळ खाली उतरणाऱ्या खोल शाफ्टमधलं पाणी प्रयोगशाळेत पाठवलं. पाणी निर्मळ निघालं. ‘जबाबदारी शिल्लक नाही’ असा कच्चा अहवाल लिहून मी आईकडे जेवायला गेले. आई खाणीच्या खालच्या वस्तीत राहते. हे नातं मी अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, उगाच कुणी बोट दाखवायला नको.

आईने खाणीच्या पंपघरात तीस वर्षं काढलेली. भाजी ढवळताना तिने विचारलं, “पाणी कुठून काढलंस?”

“वरून, दोन मीटरवरून. नमुने कुठून घ्यायचे त्या कंपनीच्या यादीत तसंच होतं.”

ती इतकी हसली की डाव खाली ठेवावा लागला. “अगं शहाणे! खालचे बोगदे बुडाले ना, तेव्हापासून वरचं पाणी आम्ही बादलीने काढायचो, चहाला! पावसाचं पाणी वर राहतं, खाणीचं जड पाणी खाली बसतं. पंपाच्या पाण्यात आम्ही हातसुद्धा धुतला नाही कधी.”

एवढा अनुभव, आणि दुसऱ्याच्या यादीवर मान डोलावून आले होते! अहवाल तसाच गेला असता तर कंपनीने अजून चालू असलेले पंप बंद करून हात झटकले असते. खालचं पाणी शाफ्टमध्ये चढत चढत वस्तीच्या विहिरींत उतरलं असतं, आईच्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाफ्टवर हजर. सोबत कंपनीचे अधिकारी. भर उन्हातही कोट काढत नाहीत म्हणून वस्ती त्यांना कोटसाहेब म्हणते. आईही आली, न बोलावता, काखेत परात घेऊन.

“ऐंशी मीटर,” आई म्हणाली. “जुना बोगदा तिथेच उघडतो.”

दोरीला बांधलेली, खाली गेल्यावर तोंड मिटणारी बाटली मी ऐंशी मीटरवर सोडली. वर आली, तर पाणी नितळ! कोटसाहेब खूश. “बघा, काचेसारखं आहे.”

“परातीत ओत,” आई म्हणाली. “हवा लागू दे त्याला. घाई काय आहे?”

आम्ही परातीभोवती उभे राहिलो. पाच मिनिटांत पाणी गढुळलं, वीस मिनिटांत पिवळं झालं, आणि थोड्या वेळाने तळाला तांबूस गाळ बसला.

“बाटली गंजकी असेल,” कोटसाहेब पुटपुटले.

“प्लॅस्टिकची आहे हो, साहेब,” मी म्हणाले.

त्यांच्या हट्टापायी मी त्यांच्याच माणसांच्या हातून आणखी तीनदा पाणी काढवलं. तिन्ही वेळा तेच. प्रयोगशाळेनेही तेच सांगितलं: पाण्यात विरघळलेलं लोह मर्यादेच्या कैक पट.

अंतिम बैठकीत मी कच्च्या अहवालातली चूक माझी म्हणून मान्य केली आणि नवा अहवाल वाचला. जबाबदारी कंपनीची. पंप सुरू राहतील, पाणी शुद्ध करूनच सोडायचं.

“पण कधीपर्यंत?” कोटसाहेबांनी विचारलं.

“पाणी चांगलं होईपर्यंत,” मी म्हणाले. “शंभर वर्षं लागली तर शंभर वर्षं.”

त्यांनी सही केली. मी धावत बाहेर आले आणि फाटकापाशी थांबलेल्या आईला सांगितलं. “आई, जिंकलो!”

“शंभर वर्षं पंप चालणार?” तिने पुन्हा पुन्हा विचारलं. मग भर रस्त्यात माझे दोन्ही हात धरून ती गरगर फिरली, आणि मी तिच्याबरोबर.