मामाकडे गेलेली मुलं

शुक्रवार उजाडला की देवासच्या मोठ्या रस्त्यावर जत्रा लोटायची. टोंकखुर्दाहून बैलगाड्या यायच्या, न्हालेल्या बायका ओल्या केसांनी लिंबाचे डहाळे धरून उभ्या राहायच्या, आणि ताशाच्या कडकडाटात उमाशंकर महाराज निघायचे. हातात पितळी तपेली, तिच्यात हळद आणि लिंबाच्या पाल्याचा रस. रस्त्याच्या कडेकडेनं वाकून ते पिवळी रेघ ओढत जायचे.

"रेखा खींच दी, माई! अब माता इधर पाँव नहीं धरेगी. धरेगी तो मैं अपनी जटा काट दूँगा!"

जटा फेट्याखाली असत. त्या आजवर कोणी पाहिल्या नव्हत्या.

देवास गाव एक, पण राज्यं दोन. रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी. राजे वेगळे, कोतवाल वेगळे, सोयरीक मात्र एकमेकांतच. इथली लेक तिथं दिलेली, तिथली इथं. एकोणीसशे आठच्या फाल्गुनात देवीची साथ आली, महाराजांनी थोरल्या पातीच्या बाजूनं रेघ ओढली, आणि नवल असं की पाच आठवड्यांत या बाजूला एकही मूल दगावलं नाही. धाकट्या पातीत मात्र एक दिवस रडण्यावाचून जाईना.

"पाहिलंत ना भिया? आईनं बरोबर पाती निवडली!" थोरल्या पातीतले लोक मिशांना पीळ देत म्हणत. पंधरा दिवसांत प्रत्येक उंबऱ्यावर रेघ आली. ज्यांचा विश्वास नव्हता त्यांनीही ओढून घेतली, कारण आळीत एकटंच बिनरेघेचं घर कोणाला हवं होतं?

चारुलता हे सगळं माडीच्या खिडकीतून बघायची. पुण्याला कॉलेजची दोन वर्षं करून ती या घरात आली होती, आणि आता तिचं सगळं शिक्षण आठ महिन्यांच्या इंदूचं अंग कोमट आहे की कढत, एवढं बघण्यात जात होतं. इंदूला देवी टोचून घ्यायच्या, हे तिनं तीनदा बोलून पाहिलं. देवी डॉक्टर भगवंतराव दोनदा दारावरून गेले. सासूबाईंनी दोन्ही वेळा कडी लावली.

"रेघेच्या घरात सुई? आईचा कोप अंगावर ओढवून घ्यायचाय का?"

"सासूबाई, मला लहानपणी टोचल्या होत्या. हे दंडावरचे वण बघा."

"तुमच्या पुण्यात काहीही चालतं."

नवरा, यशवंतराव, दरबारच्या कचेरीत कारकून. त्यांना विचारलं तर ते पानाला चुना लावत म्हणाले, "मला पटत नाही गं. पण आपण लोकांत राहतो."

गुरुवारी इंदूला ताप भरला.

सासूबाईंनी महाराजांना निरोप धाडला. ते आले, उंबऱ्यातूनच इंदूकडे बघितलं, आणि रस्त्यावरचा तो गडगडाटी आवाज एकदम फुंकरीएवढा झाला. "तीन हफ्ते मामा के घर भेज दो, माई. किसीसे बोलना मत. जिस घर में माता निकले, उस घर में पाप. समझीं?"

ते गेले तसं सासूबाईंनी दुपट्यांचं गाठोडं बांधायला घेतलं.

"इंदूचा मामा तर पुण्याला आहे," चारुलता म्हणाली.

"अगं, मामा म्हणजे रस्त्यापलीकडचं, धाकट्या पातीतलं घर. माझी जमुना आहे ना तिथं! सगळ्याच पाठवतात."

सगळ्याच पाठवतात. खिडकीतून चारुलतेनं पाहिलेलं एकेक डोळ्यांपुढं आलं: भर दुपारी शालीत गुंडाळलेली मुलं, वर लिंबाची डहाळी, रस्ता ओलांडून जाणाऱ्या बाया. चैत्रातलं माहेरपण असेल, असं तिला वाटलं होतं. पण त्यांतलं एकही मूल पायांनी चालत परत आलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

"आधी मी तिथली खोली बघून येते," ती म्हणाली. "तोवर इंदूला कुठं हलवू नका. माझी शपथ आहे."

जमुनाबाई, सासूबाईंची सख्खी बहीण. तिची लेक बकुळा याच बाजूला, चारुलतेच्या शेजारच्या घरात दिलेली. जमुनाबाईनं दार जेमतेम किलकिलं केलं. आतल्या खोलीत लिंबाच्या पाल्यावर दोन मुलं होती. एक बकुळेचा शालिग्राम. पापण्या चिकटलेल्या, चेहऱ्यावर सुईच्या टोकाएवढी जागा उरली नव्हती. दुसरी बकुळेच्या शेजारणीची, दुर्गाकाकूंची नात, कुसुम. कोपऱ्यात पाळणा होता. रिकामा.

"मावशी, तुमच्या लेकाचा तान्हा?"

"सोमवारी गेला." जमुनाबाई पाळण्याकडे न बघता म्हणाली. "ठणठणीत होता गं. शालिग्राम आला, मग बारा-तेरा दिवसांनी त्याला ताप…"

"तरी कुसुमला ठेवून घेतलंत?"

"लेकीला नाही म्हटलं नाही, मग तिच्या शेजारणीला कसं म्हणू? त्यांच्या घराला पाप लागलं असतं. आम्ही काय, आम्ही धाकट्या पातीतले."

घरी येऊन चारुलतेनं आधी डोक्यावरून पाणी घेतलं, लुगडं बदललं, मगच इंदूला उचललं. बोट तोंडात घातलं तर खालच्या हिरडीवर तांदळाच्या कणीसारखं काहीतरी लागलं. दात येत होता. नुसता दात! आणि त्या दातापायी हे लेकरू त्या खोलीत निजवलं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. ताशे वाजले, महाराज वाकले, आणि डोक्यावरचा पदर सारखा करत चारुलता रेघेपाशी जाऊन उभी राहिली. यशवंतराव मागून पुटपुटले, "अगं, चल घरात." ती हलली नाही.

"बकुळावन्सं, तुमचा शालिग्राम कुठं आहे?"

बकुळा चपापली. "मामाकडे."

"दुर्गाकाकू, तुमची कुसुम?"

"ती… तीही मामाकडेच."

"कोपऱ्यावरच्या अक्का, तुमचा नातू?"

"मामाकडे गं, का?"

मागच्या बाजूला कोणी हसलं. मग हसू थांबलं. चारुलता विचारत गेली, उत्तर तेच येत गेलं. सातव्या बाईनं पदरात तोंड खुपसलं.

"रेघेनं देवी अडली नाही," चारुलता म्हणाली. "आपणच आपली आजारी मुलं उचलून रेघेपलीकडे नेली. मेलं तर तिथं मरतं, म्हणून इथं कोणी मरत नाही. आणि पलीकडची धडधाकट मुलं मात्र आपण मारली. जमुनामावशींचा पाळणा बघून या."

"झूठ!" महाराज ओरडले. "ये छोरी माता का अपमान करती है!"

बकुळा पुढं आली. तपेली तिनं दोन्ही हातांनी उचलली आणि रस्त्यावर उपडी केली. "माझ्या भावाचं पोर गेलं रे. तूच म्हणालास ना, मामा के घर भेज दो?"

त्या एका दुपारी गाव शहाणं झालं असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. महाराज रविवारी कन्नौदच्या वाटेला लागले. तिथं म्हणे ते ओढ्याच्या काठानं रेघ ओढतात. ताप उतरल्यावर यशवंतरावांनी स्वतः भगवंतरावांना घरी आणलं, इंदूच्या दंडावर टोचून घेतलं. आळीतल्या चाळीस मुलांपैकी अकरांनाच त्यांच्या आयांनी पुढं केलं. बाकीच्या म्हणाल्या, "शिकलेल्या सुनेची जीभ लागली, रेघ बाटली." सासूबाई महिनाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. पण इंदूचा दंड सुजला तेव्हा गाईचं तूप त्यांनीच लावलं.

कुसुम गेली. शालिग्राम वैशाखात परत आला. चालत आला, पण बकुळेचं बोट धरून. उजव्या डोळ्यात पांढरं फूल पडलं होतं. पुसट रेघेच्या उंबऱ्याला ठेचकाळून तो विचारू लागला, "आई, मामाकडचं बाळ कुठंय?"

बायांनो, आपल्याला फसवायला महाराजाला विद्या लागली नाही. आपण आपलं दुखणं एकमेकींपासून लपवलं, तोच त्याचा चमत्कार. तुमच्या गावात कोणी रेघ ओढायला आला तर तिच्या अलीकडे हात जोडून उभ्या राहू नका. रेघ ओलांडा, पलीकडच्या घरात जाऊन बघा. आणि त्याच्याही आधी लेकराची बाही वर करून देवी डॉक्टरापुढं बसा.