शिशाच्या कल्हईची डेचकी

मित्रांनो, मी एक जुनी पितळेची डेचकी आहे. साताऱ्याच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले आणि राहीबाईंच्या लग्नात मी औंधजवळच्या एका वाडीत आले. साऱ्या घराचे जेवण माझ्यात शिजे. पुढे स्टीलची भांडी आली, कुकर आला आणि मला माळ्यावर फेकले. मी उगाच रुसून बसले असे वाटेल तुम्हाला, पण तो अपमान मी विसरले नाही.

राहीबाईंची नात सृष्टी सहा वर्षांची. शाळेतल्या तपासणीत तिच्या अंगात रक्त कमी निघाले. दवाखान्यातून लोहाचे औषध मिळाले. ते घेतल्यावर पोरीला शी काळी होऊ लागली. लोहाने तसे होतेच, पण राहीबाई घाबरल्या आणि त्यांनी बाटली गटारात ओतली. मग मोबाईलवर कुणीतरी सांगितले की पितळेतले अन्न रक्ताला चांगले. झाले, माझी आठवण आली!

"दीपमाले, त्यो कुकर ठिव बाजूला," त्या सुनेला म्हणाल्या. "ह्या डेचकीतलं खाऊनच तुजा नवरा मिल्ट्रीत भरती झाला."

कल्हई नसली की पितळेत आंबट अन्न कळकते. म्हणून राहीबाईंनी मला आठवडी बाजारात नेले. तिथल्या कल्हईवाल्याने कथलात शिसे मिसळले, कारण शिसे स्वस्त. मी मात्र आरशासारखी चकाकले.

मग रोज चिंचेची आमटी, नाहीतर ताकाची कढी. आंबट माझी कल्हई खाई आणि ते शिसे सृष्टीच्या ताटात जाई. पोर पांढरीफटक पडली. पोट धरून रडू लागली. येत असलेले पाढे विसरली. ती तोंड फिरवी तेव्हा राहीबाई चिमटा काढून घास कोंबत. "खा गं बाई, रगत वाढतंय." त्यांची तिच्यावर फार माया होती.

एके दिवशी शाळेत तिला फिटचा झटका आला. साताऱ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासले, मग मलाही तपासायला मागवले. "हिच्या रक्तात शिसं आहे, ते या भांड्यातून आलंय," ते म्हणाले. "लोह कमी असलेलं शरीर शिसं जास्त शोषून घेतं, आणि शिसं रक्त बनू देत नाही. यातलं आता काही देऊ नका. मेंदूला जी इजा झाली, ती भरून येईलच असं नाही."

घरी येताच दीपमालाने मला अंगणात आपटले. "आवं आत्या, मोडीत घाला हिला!"

"घरची लक्ष्मी हाय ती. द्येवाला दिऊ," राहीबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्यावर सृष्टीचे नाव कोरून घेतले आणि मला भैरोबाच्या देवळात वाहिले.

आता दर रविवारी तिथे माझ्यात आंबील होते. ताक घातलेली, चांगली आंबट. गावची पोरे वाट्या घेऊन रांगेत बसतात. दीपमाला शेतात असते. राहीबाई सृष्टीला हाताला धरून आणतात आणि पहिली वाटी तिलाच देतात. पुजारी एकदा बिचकत म्हणाला, "आवं, डाक्टर नको म्हनलं हुतं न्हवं?"

"द्येवाच्या पायी ठिवल्यावर इख ऱ्हातंय व्हय?" राहीबाई म्हणाल्या. पुजाऱ्याने हात जोडले आणि पळी पुढच्या वाटीकडे नेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात असे तुम्हाला शाळेत शिकवतात. मला जपू नका. घासू नका, हळदकुंकू लावू नका. तुमच्यापैकी कुणाच्या घरी घण असेल तर तो घेऊन या आणि आंबील वाढायच्या आत मला फोडा. सृष्टीने वाटी पुढे केली आहे.