भिकुबाईचा हंडा

मी एक हंडा. तांब्याचा, सोनगीरचा. माझ्या अंगावर हे जे बारीक खड्डे दिसतात, ते तिथल्या तांबटाच्या हातोडीचे आहेत. ठोके खाऊनच आमची जात घडते, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र गळ्याखाली जो मोठा पोचा आहे तो तांबटाचा नाही. त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

भिकुबाईच्या वडिलांनी तिच्या लग्नात मला आंदण दिलं. घर येशूला मानणारं होतं. लग्न साध्या प्रार्थनेनं झालं आणि मी तिच्याबरोबर एसटीनं यावलला आलो. तिचा नवरा वना केळीच्या गाड्या भरायचा. घरात पाणी भरणं, ते थंड राखणं, एवढंच माझं काम. पुढे ज्योत्स्ना जन्मली, मोठी झाली, लग्न होऊन जळगावला पिंप्राळ्यात गेली.

एका उन्हाळ्यात वना बागेतून परत येताना गावाच्या फाट्यावरच कोसळला. ऊन लागलं होतं. बरोबर छगन होता, गाड्या भरणाऱ्या त्याच्याच टोळीतला. त्यानं वनाचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाण्यासाठी इकडेतिकडे पाहिलं. आसपास ना घर, ना विहीर. दवाखान्यात नेईपर्यंत वना गेला होता.

पुढच्या उन्हाळ्यात भिकुबाईनं मला उचललं आणि त्याच फाट्यावर, लिंबाच्या झाडाखाली आणून ठेवलं. भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, शेजारी लांब दांड्याचं ओगराळं आणि काही पेले. रोज सकाळी मला भरून झालं की ती माझ्या काठावर हात ठेवून डोळे मिटायची. "देवा, जो येईल त्याची तहान भागू दे." एवढीच तिची प्रार्थना. मग दिवसभर बसची वाट पाहणारे मजूर, शाळेची पोरं, फेरीवाले, सगळे यायचे. कोण कुठला, हे तिनं कधी विचारलं नाही.

छगनची मुलगी मेघा रोज शाळेतून येताना थांबायची. माझ्यात वाकून बघायची, पाण्यातल्या स्वतःच्या तोंडाला वाकुल्या दाखवायची आणि मग प्यायची. यावलला इतकी वर्षं काढूनही भिकुबाईची बोली सोनगीरचीच राहिली होती. ती म्हणायची, "पे बेटा, पोट भरीसन पे."

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गावात तापाची साथ आली. मेघा फाट्यावर पाणी पिऊन गेली आणि त्याच संध्याकाळी तिला ताप चढला, नंतर पाण्याचा घोटही उतरला नाही. दवाखान्यातून ती परत आली नाही.

अंत्ययात्रेत छगन कुणाला तरी म्हणाला, "शेवटचं पाणी ती भिकू अक्काकडे प्यायली." बस, इतकंच. बापाच्या दुःखातून निघालेलं वाक्य, त्यात खोटं काही नव्हतं. पण गावभर फिरून ते परत आलं तेव्हा त्याला हातपाय फुटले होते. ती पाण्यात काहीतरी टाकते. पोरं बाटवायची म्हणून टाकते. मेघाला ते सोसलं नाही.

मग मोबाईलवर एक फोटो फिरू लागला. कोण्या मोटरसायकलवाल्यानं कधीतरी सकाळी काढलेला. भिकुबाईचे डोळे मिटलेले, हात माझ्या काठावर. खाली लिहिलेलं, 'मंतरलेलं पाणी'. फोटो खरा होता. म्हणूनच खोटं इतकं पटकन पटलं.

दुसऱ्या दिवसापासून फाट्यावर मजूर उन्हात उभे राहू लागले, पण सावलीकडे येईनात. एक बाई आपल्या पोराच्या डोळ्यांवर पदर धरून गेली. कुणीतरी चालत्या गाडीवरून दगड मारला. गळ्याखालचा पोचा तो. त्याहून वाईट म्हणजे एका सकाळी माझ्या तळाशी रॉकेल ओतलेलं सापडलं. भिकुबाईनं चिंच आणि राख घेऊन मला घासलं. वास जाईपर्यंत घासत राहिली.

ती छगनच्या दारीही गेली होती. परत आल्यावर ज्योत्स्नाला फोनवर सांगत होती, "मी म्हनं, छगनभाऊ, ते नुसतं पानी व्हतं. त्यानी दार लाई लिधं."

ज्योत्स्ना पहिल्या बसनं आली. "आई, चल पिंप्राळ्याला. नाहीतर पोलिसात जाऊ. चौकात उभी राहून सांग सगळ्यांना."

"एकदाव सांगं," भिकुबाई म्हणाली. "आते बठ्ठा गावले सांगत फिरू का? येशूवर बी लोकेस्नी खोटा आळ लया व्हता. तरी तो गप उभा व्हता."

"तो देव होता, आई. तू माणूस आहेस."

ज्योत्स्ना रडून परत गेली.

गप्प राहणं सोपं नव्हतं, ते मी पाहिलंय. काठोकाठ भरलेला मी दिवसभर तसाच असायचो. पाणी हलायचं नाही. भिकुबाई त्यात तासन्‌तास बघत बसायची. तिला काय दिसत होतं ते मला ठाऊक आहे, कारण मलाही तेच दिसायचं. छोटंसं तोंड, वाकुल्या दाखवणारं. वारा नसताना पाणी थरथरलं की वाटायचं, आता ती पेला मागेल.

मग त्या खोट्यानं खरा घाव घातला. एका दुपारी भिकुबाई स्वतःशीच पुटपुटली, "खरंच माझ्या पान्यात काही व्हतं का?" तिनं पेला भरला आणि घटाघटा प्यायली. आणखी एक. आणखी एक. पाणी छातीवर सांडलं तरी थांबेना. बाईनं स्वतःवरचा विश्वासच गमावला होता. लोकांचं खोटं तिच्या आत जाऊन बसलं होतं.

ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि मोठ्यानं बोलू लागली, समोर कोणी बसलंय असं.

"देवा, तू व्हता ना आठे? मी भरं तवय तू देखत व्हता. ती पिनी तवय बी देखत व्हता. मंग तूच सांग."

उत्तर मला ऐकू आलं नाही. मी भांडं आहे. पण बऱ्याच वेळानं तिचे खांदे सैल झाले. तिनं तोंड पुसलं. "हां," ती हळूच म्हणाली, "तुले बठ्ठं माहीत शे." त्या दिवसानंतर तिनं स्वतःला तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

तिच्या प्रार्थनेत आता नावं येऊ लागली. ज्या बाईनं पदर धरला तिचं. दगड मारणाऱ्याचं नाव ठाऊक नव्हतं, म्हणून 'तो गाडीवाला'. छगनचं नाव मात्र निघायचं नाही. "आणि..." म्हणून ती थांबायची. कितीतरी सकाळी ती त्या 'आणि'वरच उठून गेली. एकदा दात आवळून बोलली, "आनि छगन." मग खूप रडली.

पुढच्या चैत्रात, भर दुपारी, छगन आला. दूर दगडावर बसला. गाल बसलेले, दाढी वाढलेली. भिकुबाई हलली नाही. बस येऊन गेली तरी तो तिथेच होता.

शेवटी खाली बघत म्हणाला, "अक्का, त्या दिवशी मेघा इथं काही बोलली का?"

एवढ्या काळात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. विचारायला फक्त भिकुबाईच उरली होती.

"बोलनी," भिकुबाई म्हणाली. "एक पेला पिनी. मंग म्हने, आजी, आखो अर्धा दे. बाबा म्हनस, उन्हात पोट भरीसन पानी पेवानं."

छगननं तोंड गुडघ्यांत घातलं. भिकुबाईनं ओगराळ्यानं पेला भरला आणि त्याच्या पायाशी ठेवून आपल्या जागी परत आली. माफी माग, लोकांना सांग, काही म्हणाली नाही. तो प्यायला. पेला विसळून पालथा ठेवला आणि गेला.

त्यानं गावात काही सांगितलं की नाही, मला माहीत नाही. हळूहळू काही माणसं यायला लागली. बरीचशी कधीच आली नाहीत.

भिकुबाईचे गुडघे गेल्यावर ज्योत्स्नानं आम्हा दोघांना पिंप्राळ्यात आणलं. शेवटच्या आजारपणात ज्योत्स्ना तिला म्हणाली, "आई, त्यांना खरं कळलंच नाही."

"ज्याले खरं माहीत पाहिजे," भिकुबाई म्हणाली, "त्याले पयलेपासून माहीत शे." आणि कूस वळवून निजली.

आता मी ज्योत्स्नाच्या स्वयंपाकघरात असतो. ती मला घासते, पण पोच्यापाशी तिचा हात थबकतो. तो फोटो अजून फिरतो म्हणे, गावाचं नाव बदलून. भिकुबाई मातीत गेली, तो मात्र जिवंत आहे.

मला तोंड मोठं आहे, पण वाचा नाही. म्हणून तुम्हालाच विनवतो. एखाद्याबद्दल काही कानावर आलं, तर पुढे धाडण्याआधी त्याच्या दारी जा, बसा, आणि त्याच्या हातचं पाणी प्या.