फाटक उघडं राहिलं

मर्विननं भिंतीवर रंगवलेल्या कूहुलिनच्या भाल्यावर शेवटचा हात मारला आणि रंगाचा ब्रश सरळ डेक्लनच्या नाकाला लावला.

"घे. तुमच्यातला एक तरी आता बरा दिसेल."

"आधी वीराचं नाक नीट काढ. तुझ्या काकासारखं झालंय."

ब्रोना पोट धरून हसली. तीन वर्षांपूर्वी एवढ्या बोलण्यावर बेलफास्टच्या या भिंतीपाशी डोकी फुटली असती. इकडे ब्रोना-डेक्लनच्या कॅथलिकांची वस्ती, तिकडे मर्विनच्या प्रॉटेस्टंटांची, आणि मधलं लोखंडी फाटक रोज संध्याकाळी बंद. याच फाटकापाशी ब्रोनाच्या नवऱ्याला तिकडच्यांनी गोळी घातली होती. ते रात्रीही उघडं राहिलेलं बघायचं आणि मगच मरायचं, एवढाच ध्यास तिनं घेतला होता. आयर्लंडच्या जुन्या कथांमधला वीर कूहुलिन दोन्हीकडच्यांचा लाडका, म्हणून त्याच्या गोष्टी सांगून तिनं दोन्हीकडची पोरं आपल्या दिवाणखान्यात एकत्र आणली.

"आपलं हे सगळं अल्स्टर राज्य आजारी पडलेलं," ती हातात भाल्यासारखा झाडू धरून सांगायची, "आणि हा पोरगा नदीच्या उतारावर एकटा उभा! बाहेरून आलेल्या एकालाही पुढं सरकू दिलं नाही."

सगळ्यात जोरात टाळ्या वाजवायची ती चहा करणारी लुमिनित्सा. रोमानियाहून आलेली, फाटकालगतच्या घरात लेकीला घेऊन राहणारी.

शुक्रवारी संध्याकाळी गलका ऐकून ब्रोना बाहेर आली. फाटकाची वेळ टळून गेली होती, तरी ते सताड उघडं होतं. दोन्हीकडची माणसं खांद्याला खांदा लावून उभी! मर्विनचा बाप वेस्ली डेक्लनच्या आत्याला सिगारेट पेटवून देत होता. देवा, बघायला मिळालं गं बाई, असं म्हणत ब्रोना धावतच गर्दीत शिरली.

सगळ्यांची तोंडं लुमिनित्साच्या दाराकडे होती. खिडकीची काच फुटली होती, गादी रस्त्यावर पडली होती. दाराच्या एका बाजूला मर्विन, दुसऱ्या बाजूला डेक्लन. कडेवर लेक घेतलेल्या लुमिनित्सानं तिला पाहिलं.

"बाई, सांगा ना यांना! तुमचं ऐकतात ते."

"ऐकतात तर," वेस्ली कौतुकानं म्हणाला. "आमची नि त्यांची पोरं कधी एका बाजूनं उभी राहिली होती? बाईंची पुण्याई."

"बाहेरच्या एकालाही राहू द्यायचं नाही, बाई," डेक्लन म्हणाला. धडा पाठ झालेल्या पोरासारखा त्याचा चेहरा फुलला होता.

फाटकवाला किल्ल्या घेऊन तिच्याजवळ आला.

"बाई, तुम्ही म्हणाल तर लावतो. मग जातील सगळे आपापल्या घरी."

ब्रोनानं किल्ल्यांकडे पाहिलं. आज लावलं की ते रात्री पुन्हा कधी उघडं राहणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लाज वाटत होती, आणि तरीही तिनं नकारार्थी मान हलवली.

"राहू दे उघडं."

लुमिनित्सानं लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"थोडे दिवस कुठंतरी जा गं," ब्रोना म्हणाली. "मी सामान बांधू लागते."

ती लुमिनित्साच्या घरात जायला निघाली, तशी दोन्हीकडच्या माणसांनी अदबीनं बाजूला होऊन तिला वाट करून दिली.