बाटलीतली ताकद

पंचफुलानं गोळ्या खलबत्त्यात कुटल्या, कागदाची पुंगळी करून पूड जानराव काकाच्या बाटलीत ओतली आणि बूच दाबून बाटली अशी हलवली, की बांगड्या कोपरापर्यंत गेल्या. पांढरी दारू हळदीच्या पाण्यासारखी पिवळी झाली.

"काय घोळून राह्यली वं?" काका ओसरीवरून ओरडला. "इख तं नाही टाकलं?"

"ताकद टाकली, काका! बी-कॉम्प्लेक्स."

रिसोडच्या डॉक्टरांनी तिच्या बाबांना, पुंजाजीला, लिहून दिलेल्या गोळ्यांतल्याच या उरलेल्या. पोळ्याच्या सुमाराला पुंजाजीचं पोट माठासारखं फुगलं होतं, डोळे पिवळे पडले होते. आता तो पुन्हा वखरावर जात होता. संध्याकाळी धाकटा भाऊ जानराव ग्लास घेऊन बसला, की पुंजाजी शेजारी चहाचा कप घेऊन बसायचा. चहा संपेपर्यंत भावाच्या ग्लासाकडे मात्र बघायचा नाही.

पंचफुला दहावीत, विज्ञानात वर्गात पहिली. ती ओसरीवर फळ्यापुढे उभं राहावं तशी उभी राहिली.

"यकृत म्हणजे कारखाना. दारू त्यातली जीवनसत्त्वं खाऊन टाकते. ती वरून भरली, की कारखाना चालू! आपल्या बाबांचंच पाहा ना. या गोयाईनं कसे टनटनीत झाले!"

"घ्या! डाक्टरचा धंदाच बसवला पोरीनं," काका खो-खो हसला.

पुंजाजी हसला नाही.

"फुला, माहं पोट गोयाईनं उतरलं?"

"मंग कायनं, बाबा?"

"मले वाटे, दारू सोडली म्हनून."

तो कपाकडे बघत राहिला. मग त्यानं चहा अंगणात भिरकावला, धोतराच्या सोग्यानं कप आतून नीट पुसला आणि लेकीपुढे धरला.

"मंग म्या उगाच सोडली."

 पंचफुलानं बाटली छातीशी धरली. गोळ्या लिहिण्याआधी डॉक्टर काय म्हणाले होते, ते तिला आत्ता आठवलं. एक थेंबही नाही.

"बाबा, तसं नाही... तुमाले नाही चालत. डाक्टरच म्हणाले होते..."

"डाक्टर तवा म्हनले. तू आता म्हनली."

ती अंगणातल्या चुलीकडे वळली. तिथं तिची आई दुर्गाबाई भाकरी थापत होती. मागच्या वर्षी नवऱ्याची बाटली याच बाईनं उंबऱ्यावर आपटून फोडली होती आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा दंगा केला होता.

"माय, तू सांग ना त्यायले!"

दुर्गाबाईनं भाकर तव्यावर टाकली. लेकीकडे पाहिलं. शाळेत बक्षीस मिळालं त्या दिवशी पाहिलं होतं, तसं.

"दे वं. आता तं दवाई हाय त्यात."

आणि तिनं टोपलीतून एक कांदा घेतला, बुक्कीनं फोडला, वर मीठ भुरभुरलं आणि बशी नवऱ्यापुढे सरकवली.