सुरुवातीला हलकं काम

बर्फाच्या कारखान्यातला हमाल डॉक्टरांसमोर बसला होता, तो कणा काचेचा असल्यासारखा. तसं त्याला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. "हललात तर कायमचे आडवे व्हाल," हे त्यांचे उन्हाळ्यातले शब्द. तेव्हापासून हमाल पलंगावर आणि त्याच्या जागी त्याचा मेव्हणा कामावर.

मधल्या काळात डॉक्टर प्रशिक्षण घेऊन आले. पाठदुखीवाल्याला झोपवू नका, हळूहळू कामाला लावा, असं तिथे शिकवलं. सरावासाठी डॉक्टरच आळीपाळीने रोगी व्हायचे. रोगी झालेल्या कानाच्या डॉक्टरला तर यांनी चार वाक्यांत कामावर धाडलं होतं. त्यामुळे आत्मविश्वास दांडगा.

"तपासलं. धोका काही नाही. सोमवारपासून जा. सुरुवातीला हलकं काम. दुखेल, पण दुखलं म्हणजे मोडलं असं नसतं. मागे मी सांगितलं ते चुकलं."

सोबत आलेला मेव्हणा उसळला. "चुकलं? दाजींच्या पाठीवर प्रयोग करताय? विश्रांती लिहा!"

"सोमवारी गेले नाहीत तर यांची जागा जाईल."

"जाईल कुठे? घरातच राहील. मालकाशी बोललोय मी."

हमालाने मेव्हण्याकडे पाहिलं. मान वळत नव्हती, म्हणून सगळं धडच वळवलं.

समोरचा चिडला तर आवाज खाली आणावा, असं शिकवलं होतं. डॉक्टरांनी आणला. "तुमची काळजी मी समजू..." इथवर आले, तोच मेव्हण्याने त्यांचं तोंड टेबलावर आपटलं. नाक फुटलं. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा दात पडला. मग त्याने कमरेचा बर्फ ओढायचा आकडा काढला आणि डॉक्टरांच्या तळहातातून थेट लाकडात ठोकला. हात डावा निवडला, कारण लिहायला उजवा लागतो. माणूस व्यवहारी होता.

"आता लिहा."

प्रशिक्षणात याचा सराव झाला नव्हता.

तेवढ्यात हमाल उठला. वाकला, मेव्हण्याला कमरेत धरून बर्फाच्या लादीसारखा उचलला आणि औषधांच्या कपाटावर भिरकावला. काचांचा सडा पडला. मग छातीवर गुडघा रोवून बुक्क्यांवर बुक्के.

"दाजी, पाठ! तुमची पाठ!" मेव्हणा खालून ओरडत होता.

दाजींनी त्याचा हात पिरगाळला. कट् असा आवाज आला, तेव्हाच ते थांबले. आणि मग पांढरेफटक पडले.

"डॉक्टर, गेलो मी! कमरेत सुरी फिरतेय. आडवा होऊ?"

'हो' म्हणणं सोपं होतं. तोंडात रक्त भरलं होतं आणि 'हो' छोटा शब्द. डॉक्टर थुंकले. "नाही. चाला. आधी इकडे या, हा आकडा उपसा. गुडघ्यांत वाका."

हमाल वाकला, पाय रोवले, उपसला. दोघेही एकाच सुरात किंचाळले.

मग तो भिंतीपर्यंत गेला. वळला. मेव्हण्याला ओलांडून परत आला. पुन्हा गेला.

"दुखतंय," तो म्हणाला.

"मोडलंय?"

हमालाने जरा थांबून अंदाज घेतला. "नाही. सोमवारी केव्हा जाऊ?"

"नेहमीच्या वेळेला," डॉक्टर म्हणाले आणि खुर्चीवरून सावकाश खाली घसरले.