शुब्राची कबुतरं

वदीअने पैज लावली, तीच मुळात लबाडीची.

लग्न झाल्यापासून तो आणि इन्साफ कैरोतल्या शुब्रात, पाचव्या मजल्यावर राहिले. जन्म तिथंच गेला. आता इन्साफचे गुडघे कुरकुरायला लागले, त्यात मिरवत नावाची त्यांची लेक बाळंतीण झाली, म्हणून दोघं शहराबाहेर ओबूरला लेकीच्या इमारतीत आले. पण वदीअला मेलं करमेचना. "एवढी शांतता कबरस्तानातसुद्धा नसते!" शुब्राचं घर विकायचं म्हटलं की तो खिशातली किल्ली चाचपायचा.

शेवटी तो बायकोला, म्हणजे मिरवतच्या आईला, म्हणाला, "उम्म मिरवत, शुब्राच्या गच्चीवरून आणलेली माझी कबुतरं मी सोडतो. एक जोडी जरी इथं राहिली तरी घर विकू. सगळी शुब्राला पळाली, तर आपणही जायचं."

"चालेल. पण नातवाला जरा बाळसं धरू दे," इन्साफ म्हणाली.

वदीअला मनातून गुदगुल्या झाल्या. जुनं कबूतर आपल्याच गच्चीवर परततं, हे पोरालाही ठाऊक. त्याला नव्या जागी अडकवतात ती फक्त पिल्लं. म्हणून हा पठ्ठ्या खुराड्यातली अंडी काढायचा आणि न्याहारीला तळून खायचा.

ठरल्या दिवशी त्यानं दार उघडलं. कबुतरं वर गेली, एक घिरटी घातली आणि पश्चिमेकडे, शुब्राच्या दिशेनं सुसाट सुटली.

"बांध बोचकी!" वदीअ ओरडला.

इतक्यात एक मादी वळली आणि खुराड्यात तळाशी, गोणपाटाआड शिरली. तिच्यामागं नरही आला. आतून चीं चीं ऐकू आली.

"ही अंडी कुणी लपवली?"

"मी."

"गुडघे दुखतात म्हणून रडतेस, आणि एवढी वाकलीस?"

"वाकले. अबू मिरवत, जन्मभर जेवताना कबुतरांशिवाय दुसरं काही बोललात का? दगड असता तरी शिकला असता."

"ही शुद्ध लबाडी आहे!"

"आणि तुमची न्याहारी?"

आपली बडबड ही बाई इतकी वर्षं मन लावून ऐकत होती, हे वदीअच्या गावीही नव्हतं. चिडायचं सोडून त्यानं गोणपाट सारखं केलं.

"नराचं काय अडलं होतं परत यायला?" तो पुटपुटला.

"मला काय विचारता? कबुतरांतलं तुम्हाला कळतं."

वदीअने खिशातून शुब्राच्या घराची किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली.